टीव्हीगेम आणि त्याचे सोबती

जुन्या खेळांचा विषय निघाला की माणसे मोकळेपणाने बोलू लागतात. आजोबा विटीदांडूच्या गोष्टी सांगतात, वडील लगोरीच्या आणि भोवऱ्याच्या सांगतात, आणि आज ज्यांची वये पस्तीस-चाळीसच्या घरात आहेत ती मंडळी टीव्हीगेमच्या सांगतात. मारिओने कोणत्या नळात शिरावे, काँट्रामध्ये तीस जीव मिळविण्यासाठी कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबावीत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पाढे विसरले असतील, पण तो क्रम विसरलेला नसतो!

या आठवणींना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. ज्या वस्तूंत आपले बालपण गेले त्या वस्तू प्रत्येक पिढीला प्रिय असतात. परंतु या आठवणी ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिच्याविषयीच आज चार शब्द सांगायचे आहेत. खेळ सर्वांच्या लक्षात आहे. मुख्य यंत्रही पुष्कळांच्या लक्षात आहे. पण यंत्राबरोबर खोक्यात जे आणखी सामान येई, म्हणजे ती प्लॅस्टिकची बंदूक, तो कळफलक, टीव्हीच्या पाठीमागे लावायची ती बोटभर डबी, तो जड अडॅप्टर, त्याचे पुढे काय झाले असे विचारले म्हणजे बोलणारा थबकतो. “असेल कुठेतरी माळ्यावर,” असे उत्तर येते. नाहीतर, “भंगारात गेलं असेल हो!” असे येते. या दोन उत्तरांच्या मध्येच ते सामान हरवले आहे.

आता आपल्या पुंडलिकनगरचेच पाहा. गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागले की आज दोन्ही अंगांना दुकाने आणि मजल्यांवर मजले चढलेली घरे दिसतात. १९९०च्या सुमाराचा हा भाग आठवून पाहा. बैठी घरे, पुढे थोडे अंगण, गच्चीवर काठीला बांधलेली ॲल्युमिनियमची अँटेना. चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे कामगार, शिक्षक, कचेरीतले कारकून, अशी बेताच्या मिळकतीची वस्ती. अशा घरात टीव्ही येणे हीच मोठी घटना असे. आणि तो टीव्ही पुष्कळदा जवळचाच असे, बरे का! पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. आपल्या जिल्ह्यातील हातांनी जोडलेला संच आपल्याच जिल्ह्यातील बैठकीत येऊन बसे. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. हा कारखाना आणि आपला विषय यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. पण त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

त्या टीव्हीला जोडण्याचे जे खेळयंत्र आपल्याकडे आले, त्याचे मूळ जपानात. निन्टेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लाडके नाव ‘फॅमिकॉम’, बाजारात आणला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्याची रचना झाली. हे अस्सल यंत्र आपल्याकडच्या सामान्य घरात फार क्वचित पोहोचले. पोहोचल्या त्या त्याच्या नकला. तैवानात आणि चीनमध्ये फॅमिकॉमच्या चिपांच्या नकला तयार झाल्या आणि त्यांवर शेकडो नावांची यंत्रे निघाली. आपल्या बाजारात समुराई, लिटल मास्टर, मायक्रो जीनियस ही नावे खपली, आणि कित्येकांना तर धड नावही नव्हते. एकाच कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असायचे, आणि आत पाहावे तर पाच-दहा खेळच पुनःपुन्हा वेष पालटून उभे!

मुलांनी या सगळ्याला आपली नावे ठेवली. खेळाची वडी ती ‘कॅसेट’, हातातला बटणांचा पट्टा तो ‘रिमोट’, आणि सगळे मिळून ‘टीव्हीगेम’. ज्यांच्या घरी तो विकत घेणे परवडत नसे, ते तासावर भाड्याने खेळत, किंवा चार मुले पैसे काढून सुट्टीत एक दिवस यंत्र घरी आणीत. यंत्रात खेळ साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे वीज गेली की सहा तासांचे कर्तृत्व एका क्षणात पाण्यात जाई. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यातील मुलांनी या बाबतीत जो संयम दाखविला, त्याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

आता ते खोके उघडून आतले सामान एकेक करून पाहू.

सर्वांत आधी ती डबी, जिच्याकडे कोणी पाहतसुद्धा नसे. तिच्यावर एक सरकते बटण असे. एका बाजूला ‘टीव्ही’, दुसऱ्या बाजूला ‘गेम’. गच्चीवरच्या अँटेनाची वायर एकीकडून येई, खेळयंत्राची दुसरीकडून येई, आणि यांपैकी कोणाला टीव्हीत शिरू द्यायचे ते ही डबी ठरवी. रेडिओवर प्रेम करणाऱ्या माणसाला तर तिचे विशेष कौतुक वाटावे. कारण खेळयंत्रात एक चिमुकले प्रक्षेपणकेंद्रच असते. चित्र आणि आवाज हे दोन्ही एका लहरीवर चढवून ते टीव्हीकडे धाडते, आणि टीव्ही दूरदर्शनची लहर पकडावी तशी ती एखाद्या रिकाम्या चॅनलवर पकडतो. म्हणजे आपल्या बैठकीत दोन हातांच्या अंतरावर एक प्रक्षेपक आणि एक ग्राहक मांडलेला असे, आणि मध्ये उभी असे ती डबी. ती हरवली की यंत्र चांगले असूनही मुके. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरील बहुतेक प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. गच्चीवरची अँटेना उतरली आणि तिच्याबरोबर डबीही गेली.

दुसरा अडॅप्टर. वीटभर जड, तापणारा, भिंतीतल्या सॉकेटातून सारखा निसटणारा. त्याच्याविषयी प्रेमाने बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण जुनी यंत्रे आज कशाने मरतात हे पाहिले, तर चुकीच्या अडॅप्टरने मरण्याचा धोका फार मोठा. कारण जाड-बारीक दिसायला सारखीच असणारी पिन आतून मात्र निराळी असते. कुठे मधला बिंदू ऋण, कुठे तोच धन. अस्सल फॅमिकॉमला १० व्होल्टची एकदिश वीज लागते आणि तिचा मधला बिंदू ऋण असतो. त्याच यंत्राचा अमेरिकेत विकला गेलेला जो भाऊ, त्याच्याबरोबर मिळणारा अडॅप्टर ९ व्होल्टची उलटसुलट वीज देतो. तो जपानी भावाला लावला, तर आतले भाग जळून जाण्याची भीती. पिन बसली म्हणून सोयरीक जमली असे होत नाही!

तिसरा कळफलक. ही वस्तू आपल्याकडे जरा उशिरा आली, पण आली ती मोठ्या आशेने. यंत्रच कळफलकाच्या आकाराचे. वर कॅसेटची खाच. खोक्यावर लिहिलेले ‘एज्युकेशनल कॉम्प्युटर’. या कल्पनेचाही उगम जपानातच. निन्टेंडोने शार्प आणि हडसन या कंपन्यांच्या साह्याने १९८४ मध्ये ‘फॅमिली बेसिक’ नावाचा कळफलक काढला होता, आणि त्यावर केलेले काम कॅसेट-टेपवर उतरवून ठेवता येई. पुढे चीनमध्ये सुबोर या कंपनीने अशी ‘शिकण्याची यंत्रे’ अफाट खपविली. ज्या दुआन योंगपिंग यांच्या नेतृत्वाखाली हे झाले, त्यांनीच १९९५ मध्ये बीबीके ही कंपनी काढली, आणि आज आपल्या हातात असणारे ओप्पो आणि विवो हे फोन त्याच घराण्यातले. पाहा, कुठला धागा कुठे येऊन पोहोचतो!

पण माझ्या मनात येते ते दुसरेच. पगारातून हप्ता काढून हा कळफलक घरी आणणाऱ्या बापाच्या मनात खेळ नव्हता. “पोरगं कॉम्प्युटर शिकेल,” हा हिशेब होता. आणि खरोखरच, बदकांचे अन् रणगाड्यांचे खेळ संपल्यावर एखादी मुलगी ती बेसिकची कॅसेट लावायची, दहा क्रमांकाच्या ओळीत आपले नाव छापण्याची आज्ञा लिहायची, आणि पडद्यावर आपले नाव खालपासून वरपर्यंत पळताना पाहून हरखून जायची. यंत्र बंद केले की तो कार्यक्रम नाहीसा होई, कारण आपल्याकडच्या बहुतेक नकलांत तो साठवून ठेवण्याची सोय नसे. पण शिकलेले नाहीसे होत नसे. वडिलांची ती खरेदी फुकट गेली असे कोणी म्हणू नये.

आता त्या बंदुकीकडे येऊ. माझ्या मते या साऱ्या सामानातील सर्वांत मौजेची वस्तू हीच. बंदूक पडद्यावर रोखायची, चाप ओढायचा, आणि उडणारे बदक खाली पडायचे. बंदुकीतून काहीतरी किरण निघून टीव्हीवर आदळतात, असे आम्हां सर्वांना वाटे. खरा प्रकार अगदी उलट आहे. बंदुकीतून काहीच निघत नाही. बंदूक म्हणजे एक डोळा आहे. चाप ओढला की खेळयंत्र क्षणभर सगळा पडदा काळा करते, आणि पुढच्या क्षणी जिथे बदक असेल तेवढाच चौकोन पांढरा करते. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो पांढरा उजेड दिसला तर नेम लागला. काळेच दिसले तर चुकला. हे इतक्या झटपट होते की पाहणाऱ्याला केवळ एक लुकलुक जाणवते.

मग कोणी म्हणेल, बंदूक घरातल्या बल्बकडे रोखली तर? तर बल्बच्या उजेडाने प्रत्येक नेम लागायला हवा! मुलांनी हा उद्योगही करून पाहिला होता. पण निन्टेंडोच्या अभियंत्यांनी त्याचा बंदोबस्त करून ठेवला होता. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. आतला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत वरून खाली येतो. आपल्या पद्धतीच्या टीव्हीत अशा ६२५ ओळींची २५ चित्रे दर सेकंदाला काढली जातात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. अस्सल बंदुकीचा डोळा या गतीच्या आसपास थरथरणारा उजेडच ओळखतो. बल्बचा स्थिर उजेड त्याला उजेड वाटतच नाही.

आणि येथेच तो चितेगावचा कारखाना आपल्या गोष्टीत पुन्हा येतो. ही बंदूक त्या काचेच्या चित्रनलिकेच्या टीव्हीशिवाय जगू शकत नाही. आजचा भिंतीवरचा पातळ टीव्ही चित्र ओळीओळीने लुकलुकवीत रेखत नाही. शिवाय आलेले चित्र आत थोडा वेळ घोळवून मगच दाखवतो. बंदूक ज्या क्षणी पाहते, त्या क्षणी पांढरा चौकोन पडद्यावर पोहोचलेलाच नसतो. म्हणून माळ्यावरून यंत्र काढले, कॅसेट काढली, बंदूकही सुदैवाने सापडली, सगळे नव्या टीव्हीला जोडले, तरी बदक मरत नाही. मुले हसतात, बाप बंदूक उलटीसुलटी करून पाहतो, आणि शेवटी “बिघडली वाटतं” म्हणून ती टाकून देतो. बंदूक बिघडलेली नसते. तिचा जोडीदार घरातून गेलेला असतो.

आपल्या शहरात पाणचक्की आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तेथे नेतो, पाण्याच्या जोरावर फिरणारी चक्की दाखवतो. पण ती चक्की काही मैल दूर डोंगरातल्या झऱ्यावर चालते, आणि ते पाणी आणणारी नहर जमिनीखालून मातीच्या नळांतून येते. चक्की सर्वांना दिसते, नळ कोणाला दिसत नाहीत. नळ फुटले तर चक्की हे केवळ दोन दगड. खेळयंत्राचे आणि त्याच्या सोबतच्या सामानाचे नाते याहून वेगळे नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे मात्र समजू नका. घरच्या टीव्हीवर खेळण्याचे पहिले यंत्र १९७२ मध्ये अमेरिकेत विकायला आले. मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’. राल्फ बेअर या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याची ती कल्पना. या यंत्राला चित्र काढता येतच नसे. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, इतकेच त्याचे सामर्थ्य. मग मैदान, चक्रव्यूह, भुताचे घर कुठून यायचे? तर खोक्यात रंगीत पारदर्शक कागद येत. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे आणि त्यांवरून ठिपके फिरवायचे. लहान टीव्हीसाठी लहान, मोठ्यासाठी मोठे. आता कल्पना करा, यंत्र शाबूत आहे आणि तो कागद फाटून गेला आहे. काय उरले? काळ्या पडद्यावर हलणारे दोन ठिपके! घरची पहिली प्रकाश-बंदूकही याच यंत्राची, आणि ती वेगळी विकत घ्यावी लागे.

फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटची कथा तर याहून गमतीची आहे. जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटमध्ये एक चिमुकला मायक्रोफोन होता. १९८६ साली आलेल्या ‘झेल्डा’ या खेळात मोठ्या कानांचा एक राक्षस आहे. या मायक्रोफोनमध्ये ओरडले की तो मरतो. अमेरिकेत यंत्र नेताना मायक्रोफोन काढून टाकला गेला. पण तेथील माहितीपुस्तिकेत या राक्षसाला मोठा आवाज सहन होत नाही, हे वाक्य तसेच राहिले! अमेरिकेतली मुले आवाज काढायचे साधन खेळात शोधीत बसली. त्यांच्या यंत्रात ते नव्हतेच. साधन गेले आणि त्याची खूण मागे राहिली. आपल्याकडच्या नकलांतही तो मायक्रोफोन सहसा नसे.

मग १९८५ चा ‘रॉब’ नावाचा यंत्रमानव पाहा. अमेरिकेत १९८३ मध्ये टीव्हीगेमचा धंदा कोसळला होता आणि दुकानदार त्याचे नावही काढू देत नव्हते. तेव्हा हा रोबो पुढे करून निन्टेंडोने यंत्राला खेळण्यांच्या दालनात प्रवेश मिळवून दिला. त्याचे डोळे बंदुकीसारखेच पडद्यावरची लुकलुक वाचीत आणि त्याप्रमाणे हात हलवीत. त्याच्यासाठी अवघे दोन खेळ निघाले. काम झाले आणि तो बाजूला पडला. १९८९ मध्ये ‘पॉवर ग्लोव्ह’ हा हातमोजा आला. हात हलवून खेळ खेळायचा. हौस मोठी, पण नेम धरवत नसे. त्याच्याकरिता म्हणून केलेले खेळही दोनच. आज रॉब आणि हातमोजा या दोहोंसाठी संग्राहक धडपडतात, आणि रॉबच्या खेळातले सुटे ठोकळे सगळे मिळाले तर स्वतःला भाग्यवान समजतात.

परंतु आकाशवाणीच्या श्रोत्यांना सांगावी अशी गोष्ट याहून निराळी आहे. एप्रिल १९९५ मध्ये जपानात ‘सॅटेलाव्ह्यू’ नावाचे एक जोडयंत्र निघाले. ते सुपर फॅमिकॉमच्या खाली बसवायचे. सेंट गिगा नावाच्या उपग्रह-रेडिओ केंद्रावरून खेळ प्रक्षेपित होत, आणि हे यंत्र ते हवेतून घेई. बातम्यांची वेळ असते तशी खेळांची वेळ असे. काही खेळांच्या वेळी रेडिओवरून नटांचे संवाद आणि संगीत ऐकू येई, आणि घरोघरीचे लोक त्या आवाजाच्या तालावर एकाच वेळी खेळत. म्हणजे नभोनाट्य आणि खेळ एकत्र! जून २००० मध्ये ही सेवा बंद झाली. खेळ एका लहानशा स्मरणवडीत उतरत असे, म्हणून त्यांतले पुष्कळ अभ्यासकांना परत मिळाले. पण आवाज त्या वडीत उतरत नसे. ज्या कोणी त्या वेळी घरी टेप लावून ठेवली होती, तेवढाच तो उरला. बाकीचा हवेत विरून गेला. रेडिओवर बोलणाऱ्याला याचे दुःख अधिक कळते.

हे सर्व सांगण्याचा हेतू काय? लोक समजतात की दुर्मिळ वस्तू म्हणजे जपानी हातमोजा नाहीतर अमेरिकन रोबो. मी तसे समजत नाही. त्या वस्तूंना माग काढणारे आहेत. त्यांच्या याद्या आहेत, किमती ठरल्या आहेत, बर्लिनला आणि अमेरिकेत रॉचेस्टरला अशा वस्तूंची संग्रहालये आहेत. त्या सहजासहजी नाहीशा होणार नाहीत. पण पुंडलिकनगरातल्या एखाद्या बैठकीत ज्या बंदुकीने चार भावंडांनी दिवाळीची सुट्टी काढली, ती बिननावाची, हलक्या प्लॅस्टिकची, नऊ पिनांची बंदूक कोणाच्या यादीत आहे? ती बनविणाऱ्याने आपले नाव लिहिले नाही, विकणाऱ्याने पावती दिली नाही, घेणाऱ्याने खोके ठेवले नाही. जी घरोघरी होती, ती ठेवण्यासारखी कोणालाच वाटली नाही. म्हणून उद्या तीच सर्वांत दुर्मिळ ठरणार आहे.

तुम्ही म्हणाल, “अहो, ते सगळे खेळ आता फोनवर फुकटात खेळता येतात. मग या अडगळीचे काय लोणचे घालायचे?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. खेळ ही लिहून ठेवता येणारी गोष्ट आहे. त्याची नक्कल होते, आणि नक्कल मुळासारखीच असते. त्याची मला फारशी काळजी नाही. पण खेळणे ही निराळी गोष्ट आहे. दोन रिमोटांच्या आखूड वायरींमुळे दोन मुलांना टीव्हीसमोर खांद्याला खांदा लावून बसावे लागे. बंदूक एकच असल्यामुळे पाळी लावावी लागे, आणि पाळीवरून भांडणे होत. मोठ्या बहिणीकडे पहिला रिमोट, धाकट्याकडे दुसरा, ज्यावर खेळ सुरू करायचे बटणच नसे! घरातली वडिलकी त्या बटणाने ठरत होती. हे फोनमध्ये उतरत नाही. ते त्या वायरीत, त्या बटणात आणि त्या बंदुकीच्या वजनात आहे. सामान गेले की पुढच्या पिढीला हे सांगून पटणार नाही, दाखवावेच लागेल.

आणि वेळ थोडा उरला आहे. जुनी बैठी घरे पाडून तेथे नव्या इमारती उठत आहेत. घर पाडताना माळा आधी रिकामा होतो, आणि माळ्यावरचे सामान किलोच्या भावाने जाते. काचेच्या टीव्हीचे काम जाणणारे कारागीर आता थकले आहेत. त्यांच्या हातची विद्या नव्या मुलांनी घेतलेली नाही, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण तिच्यावर पोट भरत नाही.

तेव्हा येत्या दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. खेळयंत्र सापडले तर त्याचे सगळे सामान एका खोक्यात एकत्र ठेवा. सुटे पडले की ते ओळखू येत नाही. अडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून तो कोणत्या यंत्राचा आहे ते लिहा, आणि खात्री नसेल तर जाणकाराला दाखविल्याशिवाय तो जोडू नका. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय मोडा. ती आपण सर्वांनीच केली, पण फुंकरीतल्या ओलाव्याने धातूचे पट्टे गंजतात. त्यापेक्षा कापसाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. वायरी करकचून गुंडाळू नका, आणि प्लॅस्टिक उन्हात ठेवू नका, ते पिवळे पडते.

काचेचा जुना टीव्ही चालू असेल तर तो टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा. बंद असेल तर मात्र स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही त्यात फार मोठा दाब शिल्लक राहू शकतो. शिवाय त्या काचेत शिसे असते, म्हणून तो उकिरड्यावर फोडून टाकणे हे आपल्या मातीवर आणि पाण्यावर अन्याय करण्यासारखे आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा.

आणि एक अखेरची विनंती. सामानाबरोबर एक चिठ्ठी ठेवा. यंत्र कोणत्या साली आणले, कोणत्या बाजारातून आणले, गुलमंडीवरून की पैठणगेटवरून, किती रुपये पडले, घरात कोण कोण खेळत असे, आणि बदक कोणाच्या हातून सर्वांत जास्त पडत. वडील हयात असतील तर त्यांना विचारून लिहा. किंमत त्यांना बरोबर आठवते, कारण ती त्यांनी भरलेली असते.